शेऱ्याचा रकाना

माझ्या आजाराला नाव मिळायला दीड वर्ष लागलं. तोवर डॉक्टरांनी तीन नावं दिली होती आणि शेजारपाजाऱ्यांनी दिलेली वेगळीच. कुणीही वाईट हेतूनं काही म्हटलं नव्हतं. पण प्रत्येक नावाबरोबर गोळी बदलायची, घरातल्यांची नजर बदलायची, आणि मी आरशासमोर उभी राहून विचार करायची की यातली मी नक्की कुठली. हे मी सगळं समजल्याच्या थाटात लिहीत नाहीये. गोंधळ आता कमी आहे, एवढंच. तुमच्या घरात कुणी असं नाव शोधत असेल, तर माझ्या फजितीचा काही उपयोग व्हावा.

मी रश्मी. बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. ड्रम येतात, त्यातला नमुना काढायचा, तपासायचा, आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. आकडा मर्यादेत बसला की माल आत, नाही बसला की गेटवरून परत. पंधरा वर्षं हेच केल्यामुळे मला जगातल्या प्रत्येक गोष्टीचा आकडा लागतो. माहेर माकुणसारचं, नारळ-केळीच्या वाडीतलं. नवरा संजय सांगलीकडचा, दुसऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला. मुलगी मुक्ता, तेव्हा नऊ वर्षांची होती.

सगळे रिपोर्ट नॉर्मल

सुरुवात आंघोळीपासून झाली. आंघोळीला उठायचं, हे मला जमेना. बादली भरून वाहायची आणि मी पलंगाच्या कडेला बसून तो आवाज ऐकत राहायची. लॅबमध्ये काचेच्या नळीतून थेंब पडायचे, खालच्या फ्लास्कमधला रंग बदलला की थांबायचं असतं, तो केव्हाच बदललेला असायचा आणि मी आपली थेंब सोडतच राहायची. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर निदान काहीतरी झालंय हे कळलं असतं.

बोईसरमध्ये माणसाला काहीही झालं तरी पहिलं निदान ठरलेलं असतं, कारखान्यांचा गॅस लागला. वरच्या मजल्यावरच्या तिवारी भाभी जिन्यात थांबवून म्हणाल्या, "भाभी, यहाँ की हवा ही खराब है. महीनाभर मायके रहो." आई माकुणसारहून आली, तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि म्हणाली, "नजर लागलीय, दुसरं काय नाय." संजय म्हणाला, "झोप नाही नीट." त्यातही तथ्य होतं. त्याची शिफ्ट आठवड्याला फिरते, आणि घराची झोप त्याच्या मागोमाग फिरते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड जरासा हललेला निघाला. मला इतका आनंद झाला की मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. आकडा मिळाला होता! दोन महिने गोळी घेतली, आकडा जागेवर आला. मी मात्र पलंगाच्या कडेलाच होते.

मग मनाचे डॉक्टर. ते आठवड्यातून एकदा बोईसरला यायचे. संजय मला घेऊन गेला तेव्हा मी ओढणी तोंडावर घेतली होती, कंपनीतलं कुणी बघू नये म्हणून. त्यांनी शांतपणे खूप प्रश्न विचारले आणि म्हणाले, डिप्रेशन आहे. मी विचारलं, रिपोर्ट कुठाय? ते म्हणाले, याचा रिपोर्ट नसतो. मला रागच आला. नुसत्या गप्पांवरून निदान? आमच्याकडे असं कुणी केलं तर मॅनेजर त्याला दारात उभं करणार नाही.

त्यांनी अजून एक प्रश्न विचारला होता. तो मी तेव्हा विसरले, पुढं फार आठवला. "याच्या उलट असे दिवस कधी आले होते का? खूप उत्साह, खूप कामं, झोप कमी लागते, असे?"

मी जवळजवळ खेकसलेच. "उत्साह असता तर इथं आले असते का?"

त्यांनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या.

बरी झाले, फारच बरी झाले

पाचव्या आठवड्यात मी उठले. उठले म्हणजे अशी उठले की एका सकाळीत सगळे डबे घासले, पडदे धुतले आणि मुक्ताच्या वर्गातल्या सगळ्या मुलांसाठी नारळाच्या वड्या केल्या. लॅबमध्ये दोन वर्षं रखडलेली कागदपत्रं तीन दिवसांत निपटली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. संजयनं फोनवर आईला सांगितलं, "रश्मी परत आली बघा," आणि तिकडे आईनं देवापुढं साखर ठेवली.

मला ते दिवस अजून आवडतात. हे कबूल केल्याशिवाय पुढं लिहिण्यात अर्थ नाही. रंग स्वच्छ दिसायचे. प्रत्येक माणूस मला समजायचा. तीन तास झोपून मी ताजीतवानी असायची. आपण आजारी आहोत असं जगात कुणाला वाटलं नसतं, आणि मला तर मुळीच नाही. हळूहळू माझं बोलणं इतकं भरभर व्हायला लागलं की मुक्ता म्हणायची, "आई, परत सांग." मी परत सांगायच्या ऐवजी नवीन काहीतरी सांगायची.

त्यातच मला शोध लागला. थायरॉइडला आयोडीन लागतं, आयोडीन समुद्रात असतं, आणि बोईसरजवळच्या दांडी गावात, खाडीच्या तोंडाशी ते असं काही असतं की त्यानं माझा आजार बरा होईल, माझा आणि सगळ्यांचा. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा ते मला दोन अधिक दोन इतकं सरळ दिसत होतं.

एका दुपारी मी मुक्ताच्या शाळेत गेले, घरी काम आहे असं सांगून तिला बाहेर काढलं आणि रिक्षानं दांडीला नेलं. पिशवीत लॅबमधल्या सहा बाटल्या. लेबलं मी हातानं आखली होती: नमुना क्रमांक, ठिकाण, वेळ, नमुना घेणाऱ्याचं नाव आणि शेवटी शेरा. मुक्ताला पेन देऊन सांगितलं, "प्रत्येक रकाना भरायचा. रिकामा रकाना म्हणजे खोटा नमुना." हे वाक्य मी लॅबमध्ये नव्या माणसांना ऐकवते.

ओहोटी होती. आम्ही चिखलातून आत आत गेलो. मी पहिली बाटली भरून तिच्या हातात दिली, तिनं लिहिलं, डकवलं. मला अजून पुढचं पाणी हवं होतं. भरती लागल्याचं मला दिसत होतं, पण त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असं वाटत नव्हतं. मुक्ता गुडघ्यापर्यंत पाण्यात, बाटली छातीशी धरून उभी होती.

किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी एक बाई ओरडली. "ओ बाय! पानी भरतंय! पोरीला घेऊन कुटं चालली तू?" मी तिला हात केला. ती लुगडं खोचून सरळ पाण्यात उतरली, मुक्ताला उचलून काखेत घेतलं आणि माझ्या मनगटाला धरलं. मी तिला आयोडीनचं समजावून सांगत होते. "व्हय व्हय," ती म्हणत होती, "आदी भायेर चल, मग सांग." तिच्या हाताला मासळीचा वास होता आणि पकड अशी होती की सुटणं शक्य नव्हतं. मुक्ताच्या वहीवर संजयचा नंबर होता, तो त्या बाईनं कुणाकडून तरी लावून घेतला. तिचं नाव मी विचारलं नाही. पुढं दोनदा दांडीला गेले, ती भेटली नाही.

माझ्या आठवणीत ती दुपार लख्ख होती. लेकीबरोबर घालवलेली सगळ्यात सुंदर दुपार.

वॉर्ड

दुसऱ्या दिवशी मला भरती केलं. मी भांडले, संजयचा शर्ट फाडला. तो फाटक्या शर्टातच फॉर्मवर सही करत होता, ते मला आठवतं.

वॉर्डातली सकाळ सहाला. चहा, मग गोळी, मग सिस्टर म्हणणार, "आ करा." तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची. पदवीधर बाई मी, आणि जीभ वर करून दाखवतेय! नाश्त्याला उपमा, दुपारी पोळी-भाजी, चारला पुन्हा चहा. खिडकीला गज. पहिले चार दिवस मला जगाचे सगळे संबंध कळत होते. पाचव्या दिवशी डोकं जड झालं, हात कापायला लागले आणि एकाएकी काहीच कळेना.

शेजारच्या पलंगावर वैतरण्याच्या एक काकू होत्या. त्या फारशा बोलत नसत. पण रोज सकाळी कंगवा घेऊन माझ्यामागं बसायच्या आणि माझी वेणी घालायच्या. एकदा मी विचारलं, "काकू, तुम्हाला काय झालंय?" त्या म्हणाल्या, "सांगतील तवा सांगतील. तू मान सरळ ठेव." त्या बारा दिवसांत माझ्या अंगाला कुणी मायेनं हात लावला असेल तर तो त्यांनी.

वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन तर नाही. मग एक लांबलचक नाव घेतलं, त्यात स्किझो असं काहीतरी होतं. म्हणाले, तसं असू शकेल, नसेलही, बघू. संजयनं ते फोनवर शोधलं आणि दोन दिवस माझ्याशी डोळे भिडवले नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं, नक्की काय? ते म्हणाले, "बघू." घाईनं नाव देणं बरं नाही, हे आज मला पटतं. तेव्हा त्या 'बघू'चा मला संताप यायचा.

मला घरी सोडलं त्या दिवशी संजयनं सांगितलं. खाली बघत सांगितलं. "मुक्ता माकुणसारला आहे, आईंकडे. तिथल्याच शाळेत घातलंय. नक्की काय आहे ते कुणीतरी सांगेपर्यंत ती तिथंच राहील."

"माझ्यापासून लांब?"

"रश्मी, मला धीर होत नाही. मी ड्यूटीवर असलो आणि तू पुन्हा..."

मी भांडले नाही. त्याचं बरोबर होतं, आणि त्याचं बरोबर होतं हेच मला सहन होत नव्हतं. पण तेव्हापासून मला नाव हवं होतं ते आकड्याच्या हौसेसाठी नाही. नाव मिळालं तर मुलगी मिळणार होती.

पालघर

पालघरला मनाच्या एक डॉक्टरबाई होत्या, त्यांच्याकडे आम्ही तिघं गेलो. मी, संजय आणि आई. बाईंनी फोनवरच सांगितलं होतं, एकटीनं यायचं नाही, लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी आणा.

त्यांनी मला आधी फार काही विचारलंच नाही. आईला विचारलं, घराण्यात कुणाला मनाचा आजार?

आई ताठ झाली. "नाय. आमच्यात कोणाला नाय असलं काय."

"झोप न येणं, खूप दिवस गप्प बसणं, कुणी घर सोडून जाणं?"

"नाय हो. साधी मानसं आमी. वाडी करतो नि खातो."

बाईंनी लिहिलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "रश्मी हसरी, बोलकी असताना कुणासारखी दिसते?"

आईचा चेहरा खुलला. "पमासारखी! मोठ्या नणंदेवर गेलीय ही."

पमाआत्याची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला होते. आई ती मस्त रंगवून सांगते. त्या दिवशीही सांगितली, दवाखान्यात बसल्याचं विसरून. आत्यानं एकदा ना सण ना वार, अख्ख्या गावाला जेवायला बोलावलं. पाडेकऱ्याला बोलावून वाडीतले सगळे नारळ उतरवले, कच्चे-पक्के सगळे, आणि येईल त्याच्या ओटीत घातले. केळीचे लोंगर, घडच्या घड, दारोदार पोचवले. शेवटी स्वतःची पैठणी घरी आलेल्या भाजीवालीला नेसवली. "आन माजे सासरे वाडीत बोंबलत फिरतायत!" आई हसत सुटली. संजयही हसला. मीही हसले. ती गोष्ट ऐकून हसायचं, हे आमच्या अंगवळणी पडलंय.

बाई हसल्या नाहीत. "आणि त्यानंतर?" त्यांनी विचारलं.

"त्यानंतर काय?"

"जेवण झालं. नारळ वाटले. मग पमाताई काय करत होत्या?"

आईनं पदर हाताभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मग ती बसली," आई म्हणाली. "पडवीत. भिताडाकडं तोंड करून."

"किती दिवस?"

"पावसाळा गेला सगळा. आमी भरवायचो तिला." मग फार हळू, "दोनदा झालं तसं. दुसऱ्यांदा तिला विहिरीवरनं मागं आनली. ते सांगत नाय आमी कोनाला. हसन्यावारी न्यायचं झालं."

आईला रडू फुटलं. मी तिच्याकडं बघत राहिले. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती, आणि तिला पुढचा अर्धा भाग असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग बाई माझ्याकडं वळल्या. "तुम्ही आजवर डॉक्टरांकडे कधी गेलात? म्हणजे कशा असताना?"

"पडून असताना," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला लॅबमधले ड्रम आठवले.

ड्रममधला माल उभ्याउभ्या थर धरतो. जड ते तळाला, हलकं ते वर. म्हणून नमुना वरून, मधून आणि तळातून असा तीन ठिकाणचा घ्यायचा, हे लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. एकाच जागचा नमुना आणणाऱ्याला मी चारचौघांत झापलेलं आहे. आणि मी स्वतः दर वेळी डॉक्टरांपुढं फक्त तळाचा नमुना ठेवला होता. त्यांनी वरचा मागितला, तेव्हा खेकसले होते. वॉर्डात गेले ती फक्त वरचा घेऊन. आमच्या घरानं आत्याचंही तेच केलं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

त्या दिवशी नाव मिळालं. बायपोलर. मन कधी खूप वर, कधी खूप खाली, आणि मधले दिवस साधेसरळ. बाई म्हणाल्या, एकच कारण शोधू नका. रक्तातलं थोडं, थायरॉइड थोडा, फिरत्या शिफ्टनं मोडलेली झोप थोडी, आणि डिप्रेशनच्या गोळीनं खालून वर नुसतं उचललं नाही, पार छताला लावलं. मी विचारलं, "म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं चुकलं?" त्या म्हणाल्या, "त्यांना जे दिसलं त्यावर त्यांनी ठरवलं. सगळं कुणालाच दिसत नव्हतं. तुम्हालासुद्धा."

आईला माकुणसारच्या बसमध्ये बसवलं. परत येताना संजयनं मोटारसायकल बाजूला घेतली आणि नुसता उभा राहिला. "नाव मिळालं," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो." आम्हाला दोघांनाही आनंद व्हायला हवा होता की दुःख, हे ठरेना. मग आम्ही उसाचा रस प्यायलो.

नोंदी

बाईंनी लिथियम सुरू केलं. त्याचं प्रमाण रक्तातून तपासावं लागतं. पहिला रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो संजयला तीनदा दाखवला. अखेर आकडा! तो म्हणाला, "फ्रेम करून लाव."

मी एक वही केली. रोज झोप किती, मन कसं, बोलणं किती. संजय वेगळ्या वहीत लिहितो, माझं न बघता. रविवारी दोन्ही वह्या शेजारी ठेवतो. आधी कधीच जुळायच्या नाहीत. मी लिहायची 'उत्तम', तो लिहायचा 'आवाज चढलेला'. यावरून भांडणंही झाली. खरा गोंधळ आहे तो इथंच, आणि तो नावानं संपत नाही. सकाळी उठून मन प्रसन्न असलं की मी आधी घाबरते. ही प्रसन्नता माझी, की आजाराची? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कधीकधी मलाही लगेच सांगता येणार नाही. झोपेवर लक्ष ठेवा आणि फोन करा." त्यांनी खोटी खात्री दिली नाही, याचं मला बरं वाटलं.

सात महिन्यांनी बाई म्हणाल्या, मुक्ताला आणायला हरकत नाही.

माकुणसारला पोचले तेव्हा ती अंगणात होती. धावत आली नाही. तीन पावलांवर थांबून तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग जवळ आली. तिचं सामान भरताना फडताळात, लोणच्याच्या बरण्यांमागं, मला ती बाटली दिसली. दांडीची. पाणी गढूळ, तळाला बोटभर गाळ. आई म्हणाली, "टाकू देत नाय पोरगी. मी दोनदा टाकाया काढली."

लेबलवर मुक्ताचं अक्षर होतं, पाण्यानं थोडं फुटलेलं.

नमुना क्रमांक: १. ठिकाण: दांडी. वेळ: दुपार. नमुना घेणाऱ्याचं नाव: आई.

शेरा: मला खूप भीती वाटते आहे.

रिकामा रकाना म्हणजे खोटा नमुना, असं मीच तिला सांगितलं होतं. माझ्याशी बोलायला तिला तेवढीच जागा सापडली होती, आणि मी शेजारी उभी राहून ती वाचली नव्हती. मी फडताळासमोर खाली बसले आणि रडले, अगदी मोठ्यानं. मुक्ता आली, माझ्या हातातली बाटली बघितली आणि शेजारी बसली. मी म्हटलं, "मी वाचलं." ती म्हणाली, "हं."

बोईसरला आल्यावर तिनं आमच्या वह्या बघितल्या. म्हणाली, "मी पण लिहिणार." आम्ही नको म्हटलं. हे लहान मुलाचं काम नव्हे, असं मला आजही वाटतं. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सक्ती नको, राखण करायचं काम तर मुळीच नको, पण तिला बोलायचं असेल तर जागा असू द्या. म्हणून माझ्या वहीत मी शेवटी एक रकाना आखला. शेरा. महिनाभर तो रिकामा होता. मी काही म्हटलं नाही.

परवा संजयनं पुरणपोळीचा घाट घातला आणि अशी काही फजिती केली की पोळी तव्यावरून थेट फरशीवर. मी हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि हसताहसता लक्षात आलं की संजय आणि मुक्ता दोघंही हसायचं थांबवून माझ्याकडं बघतायत. मीही थांबले. झोप सात तास झाली होती. गोळी घेतली होती. तरी कुणालाच काही ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: आई खूप हसली. भीती नाही वाटली. बघू.